डॉक्टरांच्या चिठ्ठीतली अक्षरे कशी वाचावीत

दवाखान्यातून निघताना हातात एक कागद पडतो आणि पुढचे पंधरा दिवस घरातला औषधोपचार त्याच्या भरवशावर चालतो. तो लिहितात डॉक्टर, वाचतो मेडिकलवाला, पण वेळेवर गोळी काढून देणारी असते घरातली सून, मुलगा, नाहीतर रुग्ण स्वतः. त्या कागदावर पूर्ण शब्द थोडे आणि ओडी, बीडी, एचएस, एसओएस अशी आद्याक्षरेच जास्त. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी ती सोयीची आहेत, कारण दोघांनाही त्यांचा अर्थ शिकवलेला असतो. घरच्यांना तो कोणी शिकवत नाही.

ही अक्षरे ओळखता आली तर रुग्णाची देखभाल खूप सोपी होते. मात्र ओळखीच्या बळावर डोस अंदाजाने ठरवू नये. अक्षरे वाचावीत, लागलेला अर्थ डॉक्टरांकडून किंवा फार्मासिस्टकडून पडताळून घ्यावा आणि मग तो मराठीत पूर्ण लिहून ठेवावा.

दिवसातून किती वेळा

औषधाच्या नावाआधी बहुधा ‘टॅब’, ‘कॅप’, ‘सिरप’ किंवा ‘इंज’ असते, म्हणजे गोळी, कॅप्सूल, पातळ औषध किंवा इंजेक्शन. नावापुढे औषधाची ताकद आणि त्यानंतर वेळा.

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस किंवा टीआयडी म्हणजे तीनदा आणि क्यूआयडी म्हणजे चार वेळा. एचएस म्हणजे रात्री झोपताना. स्टॅट म्हणजे आत्ता, लगेच आणि एकदाच.

आपल्याकडे बरेच डॉक्टर याऐवजी १-०-१ असे लिहितात. पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. १-०-१ म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक, ०-०-१ म्हणजे फक्त रात्री. ही पद्धत घरच्यांना जास्त सोपी जाते, कारण तीत वेळही कळते. ओडीमध्ये ‘एकदा’ एवढेच कळते. सकाळी की रात्री, हे विचारावे लागते. टीडीएस असेल तर जागेपणी तीन वेळा चालेल की बरोबर आठ-आठ तासांनी घ्यायचे, हेही विचारावे.

डोळ्यांच्या दवाखान्यात याच ओडीचा अर्थ बदलतो. चष्म्याच्या नंबराच्या कागदावर ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा आणि ओयू म्हणजे दोन्ही. काही ठिकाणी त्याऐवजी आरई आणि एलई लिहितात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर थेंबांचे वेळापत्रक लांबलचक असते आणि आठवड्यागणिक थेंब कमी करत जायचे असतात. तिथे कोणता डोळा, कोणती बाटली आणि किती वेळा, या तिन्ही गोष्टी शब्दांत लिहून घेतलेल्या बऱ्या.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या औषधांबाबत तर फारच जपायला हवे. संधिवात आणि सोरायसिससाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. चुकून ते रोज घेतले गेले तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि प्रसंगी जीवही जातो. अशा औषधासाठी वार ठरवून घ्यावा आणि ‘फक्त रविवारी’ असे पाकिटावर ठळक लिहावे.

जेवणाआधी, जेवणानंतर, लागेल तेव्हा

एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. पित्ताच्या काही गोळ्या नाश्त्याआधी अर्धा तास घेतल्या तर चांगल्या लागू पडतात. वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर पोटात आग पडते. म्हणून ही दोन अक्षरे डोसाइतकीच महत्त्वाची असतात.

एसओएस आणि पीआरएन या दोन्हींचा अर्थ ‘गरज पडली तरच’. याचा अर्थ हवी तितकी घ्यावी असा नाही. कोणत्या त्रासासाठी घ्यायची, दोन गोळ्यांमध्ये किती तासांचे अंतर ठेवायचे आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ही सूचना पूर्ण होत नाही.

एक चिठ्ठी वाचून पाहू

समजा, साखर आणि बीपी असलेल्या साठीतल्या गृहस्थांना ही चिठ्ठी मिळाली:

टॅब मेटफॉर्मिन एसआर ५००, १-०-१, पीसी, × ३० दिवस
टॅब टेल्मिसार्टन ४०, ओडी, × ३० दिवस
टॅब अटोरव्हास्टॅटिन १०, एचएस, × ३० दिवस
टॅब पँटोप्राझोल ४०, ओडी, एसी, × ७ दिवस
टॅब पॅरासिटामॉल ५००, एसओएस
एफबीएस, पीपीबीएस, क्रिएटिनिन. १५ दिवसांनी आर/डब्ल्यू

पहिली गोळी साखरेची. सकाळी एक, रात्री एक, जेवण झाल्यावर. एसआर म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी. ती कुटायची, चावायची किंवा पाण्यात विरघळवायची नाही. दुसरी बीपीची, दिवसातून एक. ती सकाळी की रात्री, हे चिठ्ठीत नाही, म्हणून विचारायचे. तिसरी कोलेस्टेरॉलची, झोपताना. चौथी पित्ताची, जेवणाआधी आणि सातच दिवस. अनेक घरांत ही गोळी सात दिवसांनंतरही कोणी न सांगता महिनोन्‌महिने चालू राहते. पाचवी ताप किंवा अंगदुखी असेल तरच. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, म्हणून दोन्ही एकदम घेण्याआधी फार्मासिस्टला पाकिटे दाखवावीत.

शेवटच्या ओळीत काम आपले आहे. एफबीएस म्हणजे रात्रीच्या उपासानंतरची साखर, पीपीबीएस म्हणजे जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी घेतलेली साखर, क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी. आर/डब्ल्यू म्हणजे पुन्हा दाखवायला या, तेही हे रिपोर्ट घेऊन. ही ओळ वाचायची राहिली की लोक पंधरा दिवसांनी रिकाम्या हाताने जातात आणि आणखी एक फेरी पडते.

गोळीच्या नावामागची अक्षरे

एकाच नावाच्या गोळीमागे वेगळी अक्षरे लागली की औषध बदलते. एसआर, एक्सआर, ईआर, सीआर ही अक्षरे हळूहळू किंवा ठरावीक वेगाने औषध सोडणाऱ्या गोळ्यांची. त्या कुटून दिल्या तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. नळीवाटे आहार चालू असलेल्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाच्या घरी हे प्रत्येकाला माहीत असायला हवे. डीटी म्हणजे पाण्यात विरघळवून द्यायची गोळी, एमडी म्हणजे जिभेवर विरघळणारी.

काही अक्षरे सोबतच्या दुसऱ्या औषधाची असतात. बीपीच्या गोळीमागचे एएम हे अमलोडिपिनचे आणि एच हे लघवी वाढवणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइडचे असते. अँटिबायोटिकमागचे सीव्ही हे क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचे. पित्ताच्या गोळीमागचे डी किंवा डीएसआर हे बहुधा डोम्पेरिडोनचे. म्हणून मेडिकलमध्ये गोळीचे नाव सांगताना मागची अक्षरेही सांगावीत. जुनी रिकामी पट्टी सोबत नेणे सर्वांत खात्रीचे.

एमआर : दोन अक्षरे, पाच अर्थ

एमआर ही जोडी वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळ्या अर्थाने येते. ग्लिक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळीमागे ती लागली की औषध नियंत्रित वेगाने सुटते आणि गोळी अख्खी गिळायची असते. वेदनाशामक गोळीमागे तीच अक्षरे दिसली की त्यात स्नायू सैलावणारे औषध आहे. त्यातल्या काही औषधांनी झोप येते, तेव्हा ती घेऊन गाडी चालवू नये. बाळाच्या लसीकरण कार्डावर एमआर म्हणजे गोवर-रुबेलाची लस. टूडी इकोच्या रिपोर्टमध्ये एमआर म्हणजे हृदयाच्या मायट्रल झडपेतून रक्त थोडे मागे येणे. त्याआधी ‘ट्रिव्हियल’ लिहिलेले असेल तर ते अगदी किरकोळ असते आणि निरोगी हृदयातही आढळते. आणि दवाखान्याच्या बाकावर बॅग घेऊन बसलेले एमआर म्हणजे औषध कंपनीचे प्रतिनिधी.

अक्षरांचा अर्थ ती कोणत्या कागदावर आणि कशाशेजारी आली आहेत त्यावर ठरतो. म्हणूनच इंटरनेटवर नुसती दोन अक्षरे टाकून मिळालेला अर्थ आपल्या रुग्णाला लावून घेणे घातक आहे.

आकडे आणि मापे : सर्वांत मोठा धोका

अक्षर चुकले तर कधी कधी नुसता गोंधळ होतो. आकडा किंवा माप चुकले तर थेट इजा होते.

इन्सुलिन युनिटमध्ये मोजतात. युनिटसाठी इंग्रजी यू हे एकच अक्षर लिहिले आणि ते शून्यासारखे दिसले तर ४ युनिटचे ४० होतात. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २००४ साली वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी केली, तीत हे अक्षर होते. दशांश चिन्हानंतरचे निरर्थक शून्यही त्या यादीत होते. ५.० मधला ठिपका पुसट झाला की ५० वाचले जाते, आणि .५ मधला ठिपका दिसला नाही तर ५. म्हणून अर्ध्या मिलिग्रॅमसाठी नेहमी ०.५ लिहावे आणि पाचासाठी नुसते ५.

भारतात इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदींच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० ची कुपी आणून ती ४० च्या सिरिंजने भरली तर २० च्या खुणेपर्यंत घेतलेल्या औषधात प्रत्यक्षात ५० युनिट असतात, म्हणजे अडीचपट. साखर एकदम खाली येऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. नवी कुपी घेताना तिच्यावरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे.

एमजी म्हणजे मिलिग्रॅम, एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम. एका मिलिग्रॅममध्ये एक हजार मायक्रोग्रॅम. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते : २५, ५०, १००. ताकद बदलली की डॉक्टर बाटली बदलायला सांगतात. जुनी बाटली कपाटात तशीच राहिली तर दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून ती बाजूला काढावी.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलमध्ये थेंब आणि सिरप यांची ताकद वेगळी असते. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. सिरपचे माप थेंबांना लावले तर बाळाला दुप्पट ते चौपट औषध जाते. एमएल म्हणजे मिलिलिटर. बाटलीसोबत आलेले मापाचे झाकण किंवा सिरिंजच वापरावी, घरातले चमचे लहानमोठे असतात.

केसपेपरवरच्या खुणा

केसपेपरच्या वरच्या भागात डॉक्टर रुग्णाची हकीकत टिपतात. सी/ओ म्हणजे रुग्ण काय त्रास सांगतो. एच/ओ म्हणजे पूर्वी काय झाले होते. के/सी/ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार. त्यापुढे डीएम असेल तर मधुमेह, एचटीएन असेल तर उच्च रक्तदाब. ओ/ई म्हणजे तपासल्यावर काय आढळले. एनएडी म्हणजे काही विकृती आढळली नाही. एफ/यू म्हणजे पुढची भेट.

दोन खुणा नातेवाइकांना हमखास घाबरवतात. आजाराच्या नावाआधी प्रश्नचिन्ह असेल तर डॉक्टरांना नुसती शंका आहे. आर/ओ लिहून पुढे मलेरिया असेल तर ‘मलेरिया नाही ना, हे तपासून खात्री करा’ असा अर्थ. ही दोन्ही निदाने नव्हेत. तसेच रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह म्हणजे ज्याचा शोध घेतला ते सापडले, आणि निगेटिव्ह म्हणजे सापडले नाही. डेंग्यू निगेटिव्ह ही चांगली बातमी आहे.

वॉर्डात भरती असताना

खाटेजवळच्या पाटीवर एनबीएम दिसले तर रुग्णाला तोंडावाटे काहीही द्यायचे नाही. चहा, फळाचा रस, पाण्याचा घोटसुद्धा सिस्टरना विचारल्याशिवाय नाही. भूल दिल्यावर पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते. ‘थोडे पाणी पाजले तर काय होते’ या मायेपोटी शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागतात.

इंजेक्शनच्या पुढे आयव्ही असेल तर शिरेतून, आयएम असेल तर स्नायूत आणि एससी असेल तर कातडीखाली. आरटी म्हणजे नाकातून पोटात घातलेली राइल्स ट्यूब. कर्करोगाच्या विभागात तीच अक्षरे रेडिएशनच्या उपचारासाठी येतात. आय/ओ चार्टमध्ये रुग्णाच्या शरीरात किती पाणी गेले आणि लघवीवाटे किती बाहेर पडले याची नोंद असते. नातेवाइकांनी सिस्टरना न सांगता लघवीची पिशवी रिकामी केली तर ही नोंद चुकते.

एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवावे लागते असे प्रकरण : अपघात, भाजणे, विषबाधा, मारहाण. यात रुग्णावर कोणता आरोप नसतो, ती कायद्याने ठरवून दिलेली नोंद असते. डामा किंवा लामा म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता रुग्णाला घरी नेणे. त्यावर सही करण्याआधी धोका काय आहे, हे स्पष्ट शब्दांत समजून घ्यावे.

तपासणीचे कागद

सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. त्यात एचबी म्हणजे हिमोग्लोबिन आणि टीएलसी म्हणजे पांढऱ्या पेशी. एलएफटी यकृताची, केएफटी किंवा आरएफटी मूत्रपिंडाची. टीएसएच थायरॉइडची. यूएसजी म्हणजे सोनोग्राफी. सी/एस म्हणजे जंतू वाढवून कोणते अँटिबायोटिक लागू पडेल ते पाहणे. याचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, पण तो आणायला पुन्हा जायला हवेच.

एचबीए१सी ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाच्या पातळीत. आदल्या दिवशी गोड सोडून हा आकडा खाली येत नाही.

गरोदरपणाचे कार्ड

आशाताई आणि एएनएम यांच्याकडून मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावरही संक्षेप बरेच असतात. एएनसी म्हणजे बाळंतपणाआधीच्या तपासण्या. एलएमपी म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, आणि त्यापासून २८० दिवसांनी येते ती ईडीडी, म्हणजे प्रसूतीची अपेक्षित तारीख. ती अंदाजाची असते. जी म्हणजे एकूण कितवे गरोदरपण, पी म्हणजे आधीच्या प्रसूती, ए म्हणजे गर्भपात, एल म्हणजे हयात मुले. आयएफए म्हणजे लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या. टीडी ही धनुर्वात आणि घटसर्प यांची लस. एलएससीएस म्हणजे सिझेरियन. आधीचे बाळंतपण सिझेरियन असेल तर माहेरी जातानाही हे कार्ड सोबत असलेच पाहिजे.

विचारणे हा आपला हक्क

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. तीनुसार डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरांत लिहायचे असते. याच नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तर वाचता येईल अशी चिठ्ठी हा घटनेच्या कलम २१ मधल्या आरोग्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा ‘डॉक्टर, हे काय लिहिले आहे?’ असे विचारताना संकोच नको. आपण उपकार मागत नसतो.

घरी निघण्यापूर्वी

औषधे हातात आली की काउंटरवरूनच प्रत्येक औषधाबद्दल चार गोष्टी विचाराव्यात : हे कशासाठी आहे, एका वेळी किती, केव्हा आणि किती दिवस. उत्तर आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे. ‘म्हणजे ही सकाळी नाश्त्याआधी एक, सातच दिवस, बरोबर?’ असे विचारले की चूक तिथल्या तिथे सापडते. मग पाकिटावर मराठीत लिहावे. वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात.

डॉक्टर, सिस्टर आणि फार्मासिस्ट यांनाही एक कळकळीची विनंती. आपसातल्या नोंदींत संक्षेप खुशाल वापरावेत. घरी जाणाऱ्या कागदावर मात्र ‘सकाळी जेवणानंतर एक’ हे तीन शब्द पूर्ण लिहावेत. लिहायला काही सेकंद जास्त लागतील, पण ज्याला ती गोळी गिळायची आहे त्याला ती सूचना स्वतः वाचता येईल.